एकटीची मिळवणी

३ फेब्रुवारी, सोमवार
आज अभिलेखपाल म्हणून रुजू झाले. भंडाऱ्याहून निघताना आईनं डब्यात इतक्या पुऱ्या कोंबल्या, की दुपारी अख्ख्या अभिलेख कक्षाला पुरल्या. अख्खा कक्ष म्हणजे मी आणि शिपाई शालिकराम. त्याचे आजोबा आमच्याच मुलखातून इकडे शेती करायला आलेले. भंडाऱ्याची माणसं बोलतात कमी अन् खातात जास्त, असं तो सहावी पुरी उचलताना म्हणाला.

आत एकोणतीस लोखंडी रॅक, बाहेर लोकांसाठी लांब टेबल. कोणीही अर्ज करावा, जुना सरकारी कागद पाहावा, नक्कल न्यावी. हे काम मला मनापासून आवडतं. राहायला नेहरू नगरात रत्नमालाकाकूंकडे वरची खोली. खिडकीतून हायवे दिसतो आणि तीन कोचिंग क्लासच्या पाट्या.

५ फेब्रुवारी, बुधवार
मिळवणी शिकले. इथले जुने कागद झेरॉक्समध्ये काळे येतात, म्हणून नक्कल हातानं लिहितात. मग एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट ठेवून ओळीओळीला ‘हं’ म्हणायचं. हं आलं की ओळ पक्की. शेवटी खऱ्या नकलेचा शिक्का.

शालिकरामचं हं म्हणजे म्हशीचं हंबरणं. तसं सांगितलं तर आणखी जोरात हंबरला. मग गंभीर होऊन म्हणाला, म्याडम, एकटीनं कधी मिळवणी करू नका. कावून, विचारलं. आधीच्या साहेबानं केली होती, म्हणाला. त्या साहेबाचं नाव मात्र त्याला काही केल्या आठवेना.

१० फेब्रुवारी, सोमवार
अहिवाऱ्याकडून बेबीताई आल्या. सत्तरीच्या, ताठ. १९६१ साली तलावासाठी सेमरडीह गाव उठलं आणि घरांना नव्या जागा मिळाल्या. बेबीताई तेव्हापासून त्यातल्याच एका घरात राहिल्या. आता चुलत भावाचा मुलगा धनंजय म्हणतो, ही जागा तुझ्या बापाला मिळालीच नव्हती, ऊठ. वीस तारखेला सुनावणी आहे. पोरी, यादीत बापाचं नाव दिसलं त मी घरात, नाई त रस्त्यावर, असं त्यांनी सरळ सांगितलं.

शालिकरामनं यादी काढली. त्रेचाळीस नावं, खाली ‘एकूण घरे ४३’. सतरावं नाव त्याच्या वडिलांचं. त्यावर त्यानं कौतुकानं हात फिरवला. बेबीताईंच्या वडिलांचं, लहानूचं, नाव नव्हतं. जरा चष्मा लावून पाह्य, त्या म्हणाल्या. मला चष्माच नाही. तरी पुन्हा पाहिली. नक्कल करून ठेवते म्हटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
शालिकराम नात्यातल्या लग्नासाठी रजेवर. यादीची नक्कल काल लिहून झाली होती. मिळवणीला दुसरं कोणी नाही, म्हणून एकटीच मोठ्यानं वाचत बसले. निदान कान सावध राहतात.

चौथ्या ओळीनंतर रॅकांमधून ‘हं’ आलं.

कबुतर असेल. पुढं वाचलं. प्रत्येक ओळीला हं. घाईत एका ठिकाणी ‘रामाधीन’ऐवजी ‘रामाधार’ वाचलं गेलं. तरी हं. चूक लक्षात येऊन मूळ कागद पाहिला, तर तिथं रामाधार. जुनीच फिकट निळी शाई. माझ्या कालच्या नकलेत मात्र माझ्याच अक्षरात रामाधीन.

ऊन होतं, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. रॅकांमध्ये जाऊन पाहिलं. कोणी नव्हतं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
रात्रभर बेबीताईंचाच विचार. दुपारी वाचायला बसले. त्रेचाळीस ओळी झाल्यावर थांबले आणि यादीत नसलेलं नाव वाचलं. लहानू.

बराच वेळ काही नाही. मग हं.

नाव आहे. यादीत आहे. आनंदानं बेबीताईंना फोन केला. तुया तोंडात साखर पडो पोरी, म्हणाल्या अन् रडू लागल्या. वीसला सकाळी नक्कल घ्यायला येतील, तोवर ती नव्यानं लिहून ठेवायची.

आता यादी ठेवताना मोजली. एक नाव वाढलं, तर चव्वेचाळीस हवीत. त्रेचाळीसच आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
शालिकराम आला नाही. मोबाइलमध्ये त्याचा नंबर नाही. होता. हजेरीपटावर फक्त माझ्या सह्या. मुख्य कार्यालयात पदांचा हिशेब ठेवणाऱ्या भूपेंद्रला विचारलं. तो हसला. म्हणाला, मॅडम, तुमच्याकडे शिपायाचं पद कधी मंजूरच झालं नाही, एवढ्यात एकटेपणानं डोकं फिरलं काय?

यादी काढली. सतरावी ओळ: लहानू.

शालिकरामच्या बापाला घर मिळालं नाही. म्हणजे बाप इथं राहिला नाही, लग्न झालं नाही, लेकरं—

मी केलं हे.

१८ फेब्रुवारी
सतराव्या ओळीला शालिकरामच्या वडिलांचं नाव वाचलं. हं नाही. पुन्हा वाचलं. वीसदा. घसा बसला. नाव परत येत नाही.

काकू म्हणाल्या, जेवून तरी घे. शालिकराम नावाचा माणूस पुऱ्या खायचा, एवढंच सांगता आलं. त्याचा चेहरा आठवायला वेळ लागला.

१९ फेब्रुवारी
आज मी वाचलं नाही. तिकडून वाचणं सुरू झालं. संथ, कारकुनी आवाज. एक ओळ, मग थांबणं.

माझ्या हं-साठी.

मिळवणीत पाळी बदलते. आता मी ऐकणारी. तोंडात रुमाल धरून बसले. ओळ पुन्हा आली. पुन्हा— कुठल्या गावाची, कुणाची, ते ऐकायचं नाही. सवयीनं मान हलेल म्हणून भिंतीला डोकं टेकून—

पाच वाजता थांबलं. कार्यालयाची वेळ संपली.

२० फेब्रुवारी
दहा. बेबीताई समोर बसल्या आहेत. नवीन लुगडं. सुनावणी बाराला. शिक्का मारला तर त्यांचं घर राहतं अन् शालिकराम कायमचा— नाही मारला तर त्या रस्त्यावर. त्यांना खरं सांगणार होते. तोंड उघडायची सोय नाही. तिकडून वाचणं सुरू झालंय. म्हणून हातानं लिहून राहिले.

आज गावाची यादी नाही. आमच्याच कार्यालयाची.

अभिलेख कक्ष. मंजूर पद, अभिलेखपाल, एक. भरलेली पदं— निरंक. म्हणजे एकही नाही.

थांबलं.

मी गप्प. ओठ दाताखाली.

पुन्हा. भरलेली पदं, निरंक.

बेबीताईंनी रॅकांकडे मान वळवली. त्यांनाही ऐकू— कोणी वाचून दाखवत आहे, असं वाटलं त्यांना. मी हात हलवून नाही नाही म्हणते आहे, त्या हसून पाहताहेत, भल्या माणसासारखी मान डोलावताहेत—

हं, म्हणाल्या.

अजून लिहिता येतंय. म्हणजे मी अजून