फाटका कोपरा

मंगळवार, १४ तारीख
संध्याकाळ, ऑफिसातूनच

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे खुशाल आहेत असं लिहायला हात आपोआप वळतो, म्हणून लिहिलं. आईचा गुडघा खरंच बरा आहे. व्यायाम घेणाऱ्या मुलीला नावं ठेवत ठेवत ती सगळा व्यायाम करते. तुमचा वरचा मजला पूर्ण झाल्याचं तिनेच सांगितलं. फरशा छान दिसत असतील, आपण दोघींनीच तर निवडल्या.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. तीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला. तुझा आवाज ऐकला असता तर माझी जीभ रेटली नसती. घरातली भित्री भागूबाई मीच, हे तुला वेगळं सांगायला नको. गेले आठ दिवस टेबलावरचा फोन वाजला की तो उचलायला मी दुसऱ्या कोणाला तरी सांगते. काल शिपाई नुसता चहा घेऊन दारात उभा राहिला, तर मी उठून उभी राहिले.

आमच्या ऑफिसचे जिने पुसणाऱ्या मावशी तुला आठवतील. मागे तू आलीस तेव्हा तुझी छत्री धावत खाली आणून दिली होती त्यांनी. गेल्या आठवड्यात त्या पायरीवर बसल्या त्या उठेनात. हृदयाची झडप खराब झालीय, ऑपरेशन लवकर करायला हवं. विम्याच्या दवाखान्यात त्यांच्या मुलीला खिडकीवर सांगितलं की पाच महिने आईच्या नावावर भरणाच नाही. पगारातून मात्र दर महिन्याला कापलेलं आहे. पगाराची चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "मॅडम, आई म्हणते हे सगळं तुम्ही बघता."

मी बघतेच. मावशी कंपनीच्या नाहीत, भावजींच्या, तुझ्याच घरच्या ठेक्यावरच्या. भावजींनी दर महिन्याला विम्याचा भरणा करायचा, चलनाची झेरॉक्स मला द्यायची, मी 'तपासले' असा शिक्का मारून सही करायची आणि मग त्यांचं बिल निघायचं. एवढंच माझं काम.

विमा कार्यालयाचे अधिकारी आले, त्यांनी साहेबांना स्पष्ट सांगितलं की ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाने, म्हणजे आमच्या कंपनीने भरायचं, दंडासकट, आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं. साहेबांना वाद घालायचा होता. चलनं दिसायला बरोबर होती, आमची फसवणूक झाली, असं मी लिहून द्यायचं होतं. भावजीही गेटवर येऊन, चलनं बरोबर दिसली एवढंच लिही, असं सांगून गेले, आणि तेही अगदी हसत. वाद दोन वर्षं सहज चालेल, म्हणाले, तोवर ते भरून टाकतील. ते भरतात गं, नेहमी उशिरा का होईना भरतात. पण मावशींकडे दोन वर्षं नाहीत.

ताई, आता खरं लिहिते. त्या पाचांतल्या पहिल्या महिन्याच्या चलनाच्या उजव्या कोपऱ्याला उंदराने कुरतडल्यासारखा तुकडा गेलेला होता. पुढच्या महिन्याच्या चलनाचाही तोच कोपरा तसाच गेलेला. नुसता महिना बदललेला, म्हणजे एकाच जुन्या चलनाची झेरॉक्स. मी भावजींना विचारलं. ते म्हणाले, "घरातलं माणूस तूच असा संशय घ्यायला लागलीस तर झालंच. थोडं मागेपुढे होतं गं." मी ओशाळले. वर म्हटलं, कोपरा तेवढा दिसतो हो. त्यानंतरची तिन्ही चलनं आली ती कोपरा सरळ कापून. ती शक्कल मी दिली. शिक्काही मी मारला. कारण तुझं घर अर्धं उभं होतं, आणि तू फोनवर किती आनंदात होतीस.

आज दुपारी मी हे सगळं लिहून दिलं. भावजींचं नाव आणि माझंही. वादाला जागाच उरली नाही. साहेबांनी भरण्याच्या कागदावर सही केली आणि दवाखान्यासाठी पत्र दिलं. मावशींची मुलगी ते घेऊन चारच्या सुमारास गेली. माझा शिक्का तेवढा साहेबांनी टेबलावरून नेला.

आता भीती फक्त तुझी वाटते. वसुलीची नोटीस घेऊन या आठवड्यात तुझ्या दारी माणूस येईल. त्याच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. आईला मी अजून सांगितलेलं नाही. तू दार लावून घेतलंस तरी मी समजेन. पण समजेन म्हणजे सोसेन असं नाही, हे तुला माहीत आहे.

पत्र दोनदा वाचलं. एकही ओळ खोडली नाही. खालची सही तपासून केलेली आहे.

तुझीच,
धाकटी