बापाचा रकाना

३ मार्च २०१४, सोमवार
परदेशात, तोआ पायोहच्या वस्तीत अकराव्या मजल्यावर आमचा संसार लागला! खाली खाण्याच्या गाड्यांचं हॉकर सेंटर, आणि एमआरटी मेट्रोनं तीन स्टेशनांवर आंग मो किओ, तिथं माझं ऑफिस. उत्कर्षा सहा वर्षांची, पण आठवड्याभरात लिफ्टमधल्या बायकांशी इथल्या इंग्रजीत 'कॅन लाह' करायला लागली. चैत्राली म्हणते, पोरगी तुझ्यावर गेली, बोलायला माणूस पुरत नाही.

पुण्यात हौसेनं शिकलेलं जर्मन शेवटी पोटाला लागलं. ऑस्ट्रियातून अमेरिकेला गेलेल्यांचे वंशज आमच्या कंपनीला पूर्वज शोधायला सांगतात. आम्ही चर्चच्या जुन्या नोंदवह्यांचे स्कॅन वाचून वंशवृक्ष भरतो. प्रत्येक पान दोघांनी वेगवेगळं वाचायचं. दोन्ही वाचनं जुळली की नोंद पक्की. माझ्या जोडीला डोंबिवलीच्या सुरेखाताई आहेत. त्यांचे यजमान धनेश जहाजावर चीफ इंजिनियर. मी व्याख्यानं देत असे हे कळल्यावर म्हणाल्या, इथं माईक नाही हो, जरा हळू बोला.

११ मार्च, मंगळवार
योहान माथियास लाइटनर. जन्म १८८४, डोंगरातल्या एका खेड्यात. १९०६ साली अमेरिकेला गेला, पोलादाच्या भट्टीवर राबून मेला. बाप्तिस्म्याच्या वहीत आईचं नाव टेरेसिया, मोलकरीण. बापाचा रकाना कोरा. त्याची नात आता ऐंशीची आहे. तिनं लिहिलंय, मरण्याआधी पणजोबांचं नाव तेवढं सांगा.

त्या कोऱ्या रकान्यानं माझं डोकं तापलं. पोटुशी राहिली मोलकरीण, शिक्षा भोगली पोरानं, आणि जो पळाला त्याच्या अब्रूला चर्चची शाई राखणदार! ही चाल सगळ्या जगात एकच. मग लखकन दिसलं: आईनं नाव लपवलंच नव्हतं. योहान माथियास लाइटनर. जसं उत्कर्षा प्रबोध दातार. मधलं नाव बापाचं! मी 'पिता: माथियास' भरलं. सुरेखाताईंनी न विचारता तेच भरलं. वाचनं जुळली. आजीबाईंना कळवलं.

२० मार्च, गुरुवार
शरमेनं मान खाली. कंपनीच्या व्हिएन्नातल्या तपासनिसानं लिहिलंय की त्यांच्याकडे मुलाला दोन-दोन नावं ठेवतात, मधल्या नावाचा बापाशी काही संबंध नाही. सुरेखाताई हसून लोटपोट. म्हणाल्या, प्रबोधराव, आपण दोघांनी मिळून एक माणूस जन्माला घातला की.

दुरुस्तीसाठी स्कॅन उघडला. रकाना कोरा नाही. जुन्या तपकिरी शाईत, तिथल्याच वळणात: माथियास. सुरेखाताईंचं हसू थांबलं. त्यांनाही कोराच आठवत होता.

२५ मार्च, मंगळवार
त्याच वहीत पुढे १८८६, ८७, ९० सालची मुलं. वेगवेगळ्या आया, वेगवेगळी घरं. बाप एकच. सुरेखाताईंकडे मागच्या आठवड्यात छापलेलं पान होतं. त्यावर गेऑर्ग, फ्रान्त्स, आलोइस, सगळे आपापल्या मुलांशेजारी. पडद्यावर त्यांच्या जागी माथियास. मृत्यूच्या वहीत शोधलं. हे तिघं मेलेले नाहीत. जन्मलेलेही नाहीत.

मी आयुष्यभर व्यासपीठावरून सांगत आलो की भूत माणसाच्या अडाणीपणात राहतं. आजही तेच मानतो. अडाणीपणा माझाच होता.

३१ मार्च, सोमवार
अमेरिकेहून पत्र. आजीबाई आभार मानतात. विचारतात, माझ्या वडिलांचं नावही माथियासच होतं ना? मला दुसरं काही आठवत नाही.

म्हणजे तो खाली उतरतोय, पिढी-पिढीनं. जिवंतांपर्यंत आला.

नोंद पुसली. जेवून आलो, तर परत होती. खाली शेरा: दोन्ही वाचनं जुळली.

४ एप्रिल, शुक्रवार
सुरेखाताई आल्या नाहीत. फोन केला. त्यांचा मुलगा वरुण शाळेत पूर्ण नाव काय सांगतो, ते विचारलं. वरुण माथियास, त्या सहज म्हणाल्या. मी विचारलं, आणि धनेश? त्या म्हणाल्या, कोण धनेश?

वाचणारे दोघंच होतो. आता मी उरलो—

७ एप्रिल, सोमवार
उत्कर्षाचा पासपोर्ट काढला. शेवटच्या पानावर वडिलांचं नाव. 'प्रबोध' आहे. पुसट आहे, पण आहे. दिवसभर खिशात ठेवला. तासातासाला पाहिला. दुपारी पहिलं अक्षर गेलं—

८ एप्रिल
बालवाडीच्या बाई म्हणाल्या, आज तिनं पूर्ण नाव छान सांगितलं. मी कोणतं ते विचारलं नाही.

घरी चैत्रालीनं पाणी दिलं. म्हणाली, आपण बसा, हे येतीलच इतक्यात.

आपण. बारा वर्षं मला अरे-तुरे करणारी—

९ एप्रिल
किल्ली लागत नाही. भरदुपारी माझ्याच दाराशी उभा. बेल वाजवली. जाळीआडून उत्कर्षानं पाहिलं. माझेच डोळे. ओळखीची खूण नाही. मी तिचं नाव घेतलं तर दचकली. आत वळून ओरडली, बाबा, वन अंकल आउटसाइड लाह!

आतून खुर्ची सरकली. जड बूट—

खाली बाकावर आहे. ही वही अजून माझी आहे. पासपोर्टचं पान बघवत नाही. डोकं रिकामं होण्याआधी शाईनं लिहून ठेवतो, कोणी दोघांनी वाचावं, वाचनं जुळावीत: उत्कर्षा माझी मुलगी आहे. मी तिचा बाप. माझं नाव