तिळाचा कंटेनर

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. आई सांगते, दोन घासांत ताटावरून उठतोस, गोदामात परत जायचं नाव काढत नाहीस. चौकशीत म्हणे कबूल केलंस, कंटेनरचं दार घाईत उघडलं, चूक माझीच. लहानपणी माझ्या हातून फुटलेल्या बरणीसाठीही तूच मार खाल्लास, शहाण्या.

त्या कंटेनरचं आता नीट ऐक. बेकरीच्या कारखान्याला आमच्या ऑफिसमार्फत परदेशातून तीळ हवे होते. कीड मरावी म्हणून आत विषारी वायूच्या गोळ्या ठेवतात. पाच दिवस दार बंद, मग एक दिवस उघडं ठेवून वायू घालवायचा. तेवढं थांबलो असतो तर जहाज चुकलं असतं. मी ठरवलं, गोळ्यांसकट माल चढवू, वायू इथं पोचल्यावर काढतील. नियमात बसतं ते, फक्त पुढच्याला कळवावं लागतं. जहाज मिळालं, साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी हवेत होते.

ते कळवायचा कागद मात्र मी मागच्या खेपेचाच घेतला, तारखा आणि जहाजाचं नाव तेवढं बदललं. घाईत आम्ही सगळे तसंच करतो. त्यात 'वायू काढला: होय' तसंच राहून गेलं. ते वाचून इथल्या बंदरावर कुणीतरी दारावरचा धोक्याचा कागद सोलून काढला. तुझ्यापुढे आला तो साधा तिळाचा कंटेनर. तुमच्या गोदामातले मामा दाराशी पुढे होते म्हणून त्या वायूनं ते गेले. तू पुढे असतास तर, हे मला लिहवत नाही.

माझ्या कागदाची चूक मला मामा गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी कळली होती. मामांच्या बायकोसमोर तू ढसाढसा रडलास, तेव्हा मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत होते. तोंडातून शब्द काढला नाही. नंतर सहा आठवडे वेळेवर ऑफिसला गेले, डाळी मागवल्या, मसाले पाठवले, डबा खाल्ला. भित्री आहे रे मी.

आज सकाळी तो कागद आणि माझा जबाब चौकशी अधिकाऱ्यांकडे दिला. ते तुला बोलावतील. सवयीनं मला पाठीशी घालायला जाऊ नकोस. त्यांच्या आधी माझ्याकडून तुला कळावं, म्हणून हे पत्र. ते तुझ्या हाती पडेल तेव्हा मी मामांच्या घरी असेन. त्यांच्या बायकोला वाटतं, तिचा माणूस तुझ्यामुळे गेला. तुला ती दार उघडत नाही. मला मात्र दर रविवारी फोन करून विचारते, पोरी, जेवलीस का.

तुझीच,
ताई