एकतीस ठिपके आणि अठरा लेखक

तीर्थरूप मावशीस,

साष्टांग नमस्कार. (खरं म्हणजे षडांगच. कंबर धरली आहे, त्यामुळे दोन अंगं जमिनीला टेकत नाहीत. ती तू मनानेच टेकवून घे.) तुझा गुडघा कसा आहे? काकांचं घोरणं कमी झालं, की तूच आता शेजारच्या खोलीत झोपतेस? आई म्हणते तू निवृत्त झाल्यापासून एक्स-रेच्या खोलीऐवजी स्वयंपाकघरात लोकांना "श्वास घ्या, धरा, सोडा" असं सांगतेस. चौतीस वर्षांची सवय, ती काय सुटणार. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. पुढचं वाचलंस की ते खरं नाही हे तुला कळेलच.

मागे तू विचारलं होतंस की मी संस्थेत नक्की करतो तरी काय, आणि मी नेहमीप्रमाणे "संशोधन" असं सांगून ताकास तूर लागू दिली नव्हती. आता सांगतो. आमच्या विभागात दुर्बिणीतून आलेले आकाशाचे फोटो असतात. अवकाशातून भटके कण येऊन कॅमेऱ्यावर आदळतात आणि फोटोत पांढरे ठिपके उमटतात. ते ताऱ्यांसारखे दिसतात, पण तारे नसतात. खरा तारा कडेला मऊ, पसरट दिसतो आणि हा कचरा धारदार, टोकदार दिसतो. असे धारदार ठिपके हुडकून पुसणारा एक प्रोग्रॅम मी सहा वर्षं खपून लिहिला. त्याला आम्ही केरसुणी म्हणतो. सहा वर्षांत माझी नोकरी सहा वेळा तात्पुरती झाली आणि केरसुणी मात्र कायम झाली. थोडक्यात, इतकं शिकून तुझा भाचा झाडलोट करतो. काकांना हे सांगू नकोस, त्यांनी गेल्या वर्षी तेच भाकीत केलं होतं.

आता मूळ गोष्ट. गेल्या वर्षी वरून फतवा आला की एकट्यादुकट्या विभागाला अनुदान मिळणार नाही. किमान तीन विभागांनी एकत्र यायचं, आणि त्यांचा एकमेकांशी जितका कमी संबंध तितकं चांगलं. नेमकं त्याच आठवड्यात संस्थेची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये चाळीस मिनिटं अडकली. आत तिघं होते. आमचे खगोलवाले सर (आम्ही त्यांना धूमकेतू म्हणतो. मागे शिष्यांचं लांब शेपूट, आणि आत मुख्यतः बर्फ), मानवी हक्कांचा कायदा शिकवणाऱ्या वकीलबाई, आणि शरीराच्या आतले फोटो वाचणारे डॉक्टर. लिफ्टच्या मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा तिघंही घामाघूम होते आणि प्रकल्प जन्माला आला होता. नाव, 'अंतराळापासून अंतरंगापर्यंत'. मेकॅनिकचे आभार कुठेच मानलेले नाहीत.

पहिले चार महिने बैठका झाल्या. आमच्या सरांना कालपरवाचं म्हणजे एक कोटी वर्षांपूर्वीचं, वकीलबाईंना पुढच्या तारखेपर्यंतचं, आणि डॉक्टरांना मशीनची वॉरंटी संपण्याच्या आतलं, एवढंच दिसायचं. एकमेकांचं बोलणं कुणालाही कळत नव्हतं, त्यामुळे कुणी कुणाची चूकही काढत नव्हतं, आणि इतक्या खेळीमेळीचं वातावरण मी संस्थेत कधी पाहिलं नव्हतं. वकीलबाईंकडे खरं काम होतं, हे मात्र मान्य करायला हवं. एका मोर्चात जखमी झालेल्या दोनशे बारा माणसांच्या एक्स-रे फिल्म त्यांनी गोळा केल्या होत्या. माणसांचं म्हणणं, आमच्यावर छर्रे झाडले. बंदोबस्तवाल्यांचं म्हणणं, एकही छर्रा झाडला नाही, लोक पळताना आपापले पडले. चौकशी आयोगाने फिल्म मागवल्या होत्या. त्या कुणी गादीखाली ठेवलेल्या, कुणी घडी घालून पिशवीत कोंबलेल्या, डागाळलेल्या. डॉक्टर म्हणाले, असल्या घाणेरड्या फिल्म आयोगापुढे नेल्या तर संस्थेचं नाक कापलं जाईल, स्वच्छ करायला हव्यात. त्यावर आमचे सर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आमच्याकडे केरसुणी आहे ना!" आयजीच्या जिवावर बायजी उदार, ते असं.

मावशी, तू हे वाचता वाचता कपाळावर हात मारला असशील. तुला पहिल्या ओळीतच कळलं असेल. आम्हाला अठरा जणांना अकरा महिने कळलं नाही. हाडाच्या फोटोत धारदार कडेचा, टोकदार, पांढरा ठिपका म्हणजे काय? केरसुणीला विचारलंस तर कचरा. तिने दोनशे बारा फोटो असे लख्ख झाडले की डॉक्टर त्यांच्याकडे बघून "वा, काय हाड आहे!" असं म्हणाले. आम्ही पेपर लिहिला. पेपर लिहायला तीन आठवडे लागले आणि लेखकांच्या नावांचा क्रम ठरायला दहा. सरांना पहिलं नाव हवं होतं, डॉक्टरांनाही हवं होतं, आणि वकीलबाई म्हणाल्या की समानतेचं तत्त्व पाळायचं तर पहिलं नाव त्यांचं असायला हवं. अठरा लेखक झाले. त्यातले सात कोण आहेत हे मला अजून माहीत नाही. फिल्म उजेडात धरून पाहिलेला त्यात एकही नाही. पेपरला संस्थेचा पुरस्कार मिळाला आणि प्रवेशद्वारातल्या भिंतीवर पुरुषभर उंचीचं पोस्टर लागलं. त्यात डावीकडे एका खांद्याचा मळका फोटो आणि उजवीकडे तोच खांदा, निष्कलंक. खाली कोष्टकात अभिमानाने छापलेलं, 'काढलेली अशुद्धी: ३१'.

तो पेपर बंदोबस्तवाल्यांच्या वकिलाने वाचला. (आमचा पेपर कुणीतरी पूर्ण वाचल्याची ही पहिलीच वेळ.) तो आयोगापुढे उभा राहून म्हणाला, एवढ्या नामवंत संस्थेने, एवढ्या आधुनिक तंत्राने, खुद्द तक्रारदारांच्याच वकीलबाईंच्या सहीने तयार केलेल्या दोनशे बारा फोटोंत एकही छर्रा नाही. आयोगाने मान डोलावली. शेवटची सुनावणी येत्या गुरुवारी आहे. त्या दिवशी निकाल विरुद्ध गेला की तक्रारी खोट्या ठरल्या, आणि खोटी तक्रार केली म्हणून उलट त्यांच्यावरच खटले भरायची तयारी चालली आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची, तीही आमच्या केरसुणीच्या दांड्याने.

मला हे कसं कळलं ते सांगतो. मागच्या मंगळवारी मी चहाला खाली आलो तर पोस्टरसमोर एक गृहस्थ उभे होते. साठीचे, गळ्यात शिवणकामाची टेप. उजवा हात अंगाशी धरलेला. त्यांना वकीलबाईंना भेटायचं होतं, पण बाई 'ज्यांना आवाज नाही त्यांचा आवाज' या विषयावर व्याख्यान द्यायला परगावी गेल्या होत्या, आणि वेळ घेतल्याशिवाय भेटता येत नाही असं स्वागतकक्षातल्या मुलीने त्यांना तीनदा सांगितलं होतं. ते मला म्हणाले, "साहेब, हा खांदा माझा आहे. ही गळ्याजवळच्या हाडाची वाकडी कड बघा, लहानपणी पडलो होतो तेव्हाची. पण ह्यात माझे छर्रे कुठं गेले?" मी त्यांना बाकावर बसवून सगळं समजावून सांगितलं, भटके कण, तारे, धारदार कडा. त्यांनी फार मन लावून ऐकलं. मग विचारलं, "म्हणजे तुमच्या मशीननं काढले ते?" मी म्हटलं, हो, तसंच म्हणायचं. त्यावर ते म्हणाले, "मग हे दुखतंय ते काय आहे?"

मावशी, माझ्याकडे खगोलशास्त्राची डॉक्टरेट आहे, आणि मी त्यांना काम कसं चालतं एवढंच विचारलं. ते आता डाव्या हाताने कापड बेततात. गिऱ्हाइकं निम्मी झाली, कारण डाव्या हाताने बेतलेली बाही जरा फिरते, असं त्यांनीच सांगितलं, तक्रार म्हणून नाही, कारागिराने कामातला दोष सांगावा तसं. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की मी चहा न पिताच वर गेलो.

मी तातडीने बैठक मागितली. बैठकीत जे झालं ते ऐकून तू हसशील, मला मात्र अजून हसू येत नाही. डॉक्टर म्हणाले, "छर्रेच होते कशावरून? शिंपी आहे, टाचण्या असतील." (उरलेल्या दोनशे अकरा जणांत एक बसचालक आहे, दोन शिक्षिका आहेत आणि एक पोहण्याचा प्रशिक्षक. तो बहुधा टाचण्या लावून पोहत असावा.) वकीलबाई आधी पांढऱ्याफटक पडल्या, खरोखर पडल्या, आणि मला वाटलं आता काहीतरी होईल. मग त्या सावरल्या आणि म्हणाल्या की दुरुस्ती छापायची रीतसर पद्धत असते, पुढच्या अंकात आठ महिन्यांनी छापता येईल. सुनावणी गुरुवारी आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "पद्धत म्हणजे पद्धत." वरातीमागून घोडं, तेही तळटीप होऊन. सरांनी तर पुरस्काराच्या ढालीकडे असं पाहिलं, जणू मी ती पळवायला आलो आहे. मग सगळ्यांनी पेपर उघडला आणि जो तो आपलं नाव त्यात केवळ सौजन्य म्हणून कसं घातलं होतं हे सांगू लागला. पहिल्या नावासाठी दहा आठवडे भांडलेली माणसं दहा मिनिटांत शेवटच्या नावासाठी भांडू लागली. अखेर ठराव झाला की या विषयावर उपसमिती नेमावी, तोवर सर्वांनी मूग गिळून बसावं, मूळ फिल्म कपाटात कुलूपबंद कराव्यात आणि केरसुणीने काढलेला कचरा (ती तो वेगळ्या फाइलमध्ये जपून ठेवते, माझीच तशी सोय आहे) संगणकात जागा नाही म्हणून सोमवारी पुसून टाकावा. कपाटाची किल्ली उपसमितीच्या सचिवाकडे द्यावी. सचिव मीच. तात्पुरत्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून संस्थेतल्या सगळ्या किल्ल्या शेवटी माझ्याच खिशात येतात.

तर असं आमचं संशोधन चाललं आहे. तब्येतीला जप, गुडघ्याला शेक दे. काकांना नमस्कार, आणि आईला यातलं काही कळवू नकोस. ती लगेच माझ्यासाठी बँकेच्या परीक्षेचे फॉर्म आणेल.

तुझा आज्ञाधारक (निदान तुझा तरी)
भाचा

ता. क. पत्रासोबत जे जाड पाकीट आहे ते मी चुकून घातलेलं नाही. त्यात केरसुणीचा कचरा छापून घातला आहे. दोनशे बारा कागद, ज्याचा त्याचा क्रमांक टाकलेला. आणि शिवणकाम करणाऱ्या त्या गृहस्थांची मूळ फिल्मही आहे, त्यांना विचारून घेतली आहे. ती खिडकीशी धर आणि जे दिसतं ते तुझ्या अक्षरात लिही. मग गुरुवारी अकरा वाजता आयोगाच्या कचेरीत ये. ते गृहस्थ दारात उभे असतील, गळ्यात टेप असेल. आयोगाला फिल्म वाचून दाखवणारा माणूस हवा आहे, आणि आमच्या संस्थेत फक्त लेखक आहेत.

ता. ता. क. वर सगळीकडे मी 'केरसुणीने काढले' असं लिहिलं आहे. ते पूर्ण खरं नाही. केरसुणी प्रत्येक ठिपका पुसण्याआधी विचारते, "टाकू का?" पहिल्या खांद्याच्या वेळी तिने एकतीस वेळा विचारलं. मी एकतीस वेळा 'हो' दाबलं. विसाव्या ठिपक्याच्या सुमाराला मला वाटलं होतं की हे काहीतरी वेगळं आहे, कुणाला तरी विचारायला हवं. फोन हातातही घेतला होता, तुझाच नंबर काढला होता. मग वाटलं की मावशीला विचारलं असं पेपरात कसं लिहिणार. मी फोन ठेवला आणि पुढच्या दोनशे अकरांसाठी केरसुणीची विचारायची सोयच बंद करून टाकली.

ता. ता. ता. क. आज सकाळी सरांनी बोलावून नोकरी कायम झाल्याचं पत्र दिलं. सहा वर्षांनी. त्यासोबत आणखी एक कागद होता, की फोटोंत मुळात काहीही आढळलं नव्हतं. मी दोन्हींवर सही केली. सही करून जागेवर आलो आणि तुला हे पत्र लिहायला बसलो, आता कुरियरवाला दारात उभा आहे. पाकीट तुझ्या हाती पडलं की मी तुला फोन करीन, बहुतेक दिवसातून चार वेळा. म्हणेन की गंमत केली होती, डोक्यावर परिणाम झाला होता, ते सगळं परत पाठव. फार गोड बोलेन, आईची शपथ घालीन, कदाचित रडेनसुद्धा. मावशी, गुरुवारचे अकरा वाजेपर्यंत माझं काही ऐकू नकोस.