वाढपाचे तास

उचगाव, शुक्रवार, संध्याकाळ

आज मन जाग्यावर न्हाय, लई आनंद झालाय. माझ्या पूजाच्या कॉलेजात सेवा क्लब हाय. ठरलेले तास गावासाठी काम केलं की बिल्ला मिळतो. उद्या शेवटचा दिवस, आणि हिचे तास कमी. मी म्हटलं, परवा काकाच्या वास्तुशांतीत तू दिवसभर पंगती वाढल्यास न्हवं, तेच लिही.

ती म्हणाली, "आई, भावकीचं जेवण ते. आपण बी तिथंच जेवलो."

मला राग आला. वाढून वाढून दमली पोरगी, ती सेवा न्हवं तर काय?

तेवढ्यात तिच्या मॅडमचा फोन. "आक्का, पूजाचे तास पुरे झाले का?"

व्हय म्हणायला तोंड उघडलंच होतं. पूजा समोर उभी, नुसती बघत. तोंडातनं निघालं, "न्हाय मॅडम, कमी हायेत."

"मग उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात पाठवा. नवीन डॉक्टर कानडी, त्यांना मराठी येत न्हाय, बायकांचं कानडीत सांगायला कुणीतरी पायजे."

पोरगी उड्या मारायला लागली. वाढपाचं अजून मला पटलेलं न्हाय. पण उद्या मी बी जाणार. म्हाताऱ्या बायका पोरीला सगळं थोडंच सांगतील? माझे तास कुणी लिहिणार न्हाय, तरी सकाळ कधी होतीय असं झालंय.