धूर न दिलेला डबा

डार्विन, रविवार

आईस, लांबूनच घट्ट मिठी.

आम्ही इथे मजेत आहोत. घर झाडणारं यंत्र आणलंय, पण ते मेलं रोज खुर्चीखाली अडकून बसतं. मनगटावरचं घड्याळ म्हणतं, मला झोप लागत नाही. खोटारडं आहे, तू मनावर घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? यंदा शिंपले मिळाले का?

भाऊ गेल्यावर त्याची वाट मोकळी व्हावी म्हणून आम्ही खोलीला, कपड्यांना, गाडीलासुद्धा धूर दिला. रीतीप्रमाणे त्याचं नाव कुणी तोंडातून काढलं नाही. त्यानेच आणलेला, विचारलं की उत्तर देणारा बोलका डबा तेवढा धूर द्यायचा राहून गेला. रोज सकाळी तो भावाला नावाने हाक मारतो.

नोरीन मावशी खेकसली, "माणसाला वाटेला लावलंत, आणि हाका मारायला हे डबडं ठेवलंत होय गं?"

मग मी डब्याला म्हटलं, ते नाव विसर. तो गोड आवाजात म्हणाला, "कोणतं नाव? एकदा मोठ्याने सांगा."

वायर उपटली की तो गप्प बसेल, ठाऊक आहे मला. पण मग भावाला हाक मारणारं घरात कोणीच उरणार नाही गं.

मावशीला सांगू नकोस.

तुझीच,
लॉरेन