माझ्याखालची माणसं

३ जानेवारी
नवीन वही. यंदा रोज लिहायचं. मोठी माणसं रोज लिहितात, असं टायवाला म्हणाला. हा शाळेत माझ्या मागच्या बाकावर असायचा. तेव्हा त्याला शर्टाची बटणं धड लावता यायची नाहीत, आता भर उन्हात टाय लावून फिरतो. आज त्याने मला कॅशबॅक परिवारात घेतलं. योजना एकदम सोपी आहे. घरात लागतात त्याच वस्तू त्यांच्या कॅटलॉगमधून घ्यायच्या, दर खरेदीवर दहा टक्के परत. आपल्याखाली डावीकडे आणि उजवीकडे माणसं जोडायची, त्यांच्या खरेदीचेही दहा टक्के आपल्याला. दोन्ही बाजूंना सहा-सहा झाली की परत आलेले पैसे काढता येतात. तोवर ते फोनमध्ये दिसतात. दिसतात म्हणजे आहेतच.

बायको म्हणाली, आधी दहा खर्च करायचे आणि मग एक परत मिळाला म्हणून नाचायचं, हे कुठलं शहाणपण? तिला धंद्यातलं कळत नाही.

४ जानेवारी
शहाण्याने आधी तोटे बघावेत. म्हणून पानाच्या मधोमध रेघ मारली. तोटे: महिन्याला दोन हजारांचं पॅकेज घ्यावंच लागतं, नाहीतर आपलं खातं झोपतं. (साबण लागतोच.) वस्तू बाहेरच्यापेक्षा दीडपट महाग. (दहा टक्के परत.) माणसं जोडावी लागतात. (बावीस वर्षं या गावात आहे, लोक मला ओळखतात.) तोटे इथेच संपले. फायद्यांना जागा पुरेना, मागच्या पानावर गेलो.

१३ जानेवारी, सकाळ
पहिलं पॅकेज आलं. त्यात काय द्यायचं ते कंपनी ठरवते. अट्ठेचाळीस टूथपेस्ट आल्या. हा शुभशकुन म्हणायला हवा, कारण मी दातांच्या दवाखान्यातच कामाला आहे. थेंबे थेंबे तळे साचे.

१९ जानेवारी
टूथपेस्ट अकरा जणांना दाखवली. एकही खपली नाही. मी मागच्या खोलीत बसून कवळ्या करतो. माझ्याकडे येतात त्यांना दात नसतात. बाजाराचा अभ्यास थोडा कमी पडला.

२ फेब्रुवारी
युक्ती सापडली. कवळीचं माप घेताना पेशंटच्या तोंडात मापाच्या ओल्या लगद्याचा ट्रे बसवतात आणि तो घट्ट होईपर्यंत चार मिनिटं धरून ठेवावा लागतो. डॉक्टर तेवढ्यात दुसऱ्या खुर्चीकडे जातात. ट्रे धरून उभा मी. चार मिनिटांत पूर्ण योजना बसते. आज दोघांना सांगितली. एकानेही नाही म्हटलं नाही.

९ फेब्रुवारी
उजवी बाजू सुरू! बायकोचा भाऊ, केस कापणारा आणि माप घेतलेले दोघं. चार झाले. केस कापणारा हो म्हणाला तेव्हा वस्तरा त्याच्या हातात होता, म्हणजे दबाव माझा नव्हता. डावीकडे मात्र अजून कोणी नाही. टायवाला म्हणाला, डावीकडे घरचं माणूस घाल, ते सोडून जात नाही.

१५ फेब्रुवारी
ताईकडे गेलो. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. ताईने लोकांचे कपडे उसवून-शिवून मला वाढवलं, कवळ्यांचं शिक्षणही तिच्याच मशीनवर झालं. अजूनही कपड्यांच्या एका कारखान्यात काम करते. डिसेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला काचबिंदू सांगितला आहे. ऑपरेशन लवकर करा म्हणाले. त्यासाठी तिने ऐंशी हजार बाजूला काढून ठेवलेत.

मी तिला नीट समजावलं. पैसे नुसते पडून आहेत. तीस हजारांचं सोनेरी पॅकेज घेतलं तर पावसाळ्यापर्यंत दामदुप्पट. मग ऑपरेशनही होईल आणि वर चांगला चष्मा. डॉक्टरांना घाई असतेच, त्यांचा तो धंदा आहे. तिने एकच विचारलं, तुझं यात भलं होईल ना रे? म्हटलं, होईल. उठली आणि पैसे घेऊन आली.

बायकोला हे सांगितलं नाही. वेळ आली की सांगेन.

२१ फेब्रुवारी
सोनेरी पॅकेजमध्ये डोळ्यांच्या गोळ्या निघाल्या! बारा डब्या. गाजर, बदाम आणि पुढे काहीतरी इंग्रजी. ताईला म्हटलं, बघ, योगायोग. तिचे डोळ्यांत घालायचे थेंब महाग येतात. तिने स्वतःच विचारलं, मग थेंब थोडे कमी केले तर चालतील का? मी डॉक्टर नाही, त्यामुळे हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

१८ मार्च
ताईने कारखान्यातल्या पाच बायका जोडल्या. डावी बाजू पूर्ण सहा! मी बोटही हलवलं नाही. टायवाला म्हणाला, यालाच पॅसिव्ह इन्कम म्हणतात, काही माणसांत ते मुळातच असतं. ताईला मुद्दाम समजावलं की ही सहा माणसं चालू राहिली पाहिजेत. डावी बाजू पडली की मी पडलो. ती म्हणाली, तू काळजी करू नकोस.

उजवीकडचे दोघं माप घेतलेले गळाले. तोंड मोकळं झाल्यावर त्यांचं मत बदललं.

७ एप्रिल
डॉक्टरांनी पकडलं. एका आजींच्या तोंडात ट्रे होता आणि मी उजव्या बाजूपर्यंत आलो होतो. पेशंटचं तोंड बंद आहे म्हणून तू तुझं उघडतोस का, असं सगळ्यांसमोर विचारलं. उद्यापासून मला पुढच्या खोलीत यायला बंदी. उंटावरचे शहाणे. पगारी माणसाला मोठी स्वप्नं पचत नाहीत. (डॉक्टर पगारी नाहीत, पण मुद्दा तोच.)

२६ एप्रिल
बायकोच्या भावाने फोन उचलणं सोडलंय. केस कापणाऱ्याकडे गेलो तर खुर्ची रिकामी असूनही म्हणाला, आज फार गर्दी आहे. केस वाढलेत. उजवी बाजू शून्य. पण डावी पक्की सहा! एकही खातं झोपलेलं नाही. माणसांची निवड चांगली असली की असं होतं.

१० मे
मेळावा. मोठा हॉल, थंडगार हवा. डाव्या बाजूच्या वेगाबद्दल मला स्टेजवर बोलावलं. पितळी बिल्ला मिळाला. टायवाल्याने माईकवर माझं नाव घेतलं. डोळे भरून आले, खोटं का बोलू. ताई तिसऱ्या रांगेत होती. टाळ्या वाजवताना उभी राहिली आणि शेजारच्या खुर्चीवर आपटली. बाजूची खुर्ची तिला दिसलीच नाही. हॉलमधला उजेड अगदीच मंद होता.

२ जून
नवा नियम आला. आता दोन्ही बाजूंना दहा-दहा. टायवाला म्हणाला, नियम कडक होतात म्हणजे कंपनी मजबूत होते. पटलं. फोनमध्ये अकरा हजार दिसताहेत.

कारखान्याने ताईला काळं कापड द्यायचं बंद केलं. टाके तिरके जातात म्हणे. त्या कारखान्यात खिडक्या कमी आहेत, हे मी पहिल्यापासून सांगतोय.

२३ जून
ऑपरेशनचा विषय ताईने काढला. अगदी हळू, जसं काही ती उधार मागतेय. मी म्हटलं, ऑगस्टात नक्की. तिने मान डोलावली. चहा ओतताना कपाच्या बाहेर गेला. मी पुसून घेतला. तिच्याकडे बघवलं नाही, म्हणून कॅटलॉग चाळत बसलो.

२३ जुलै
ताई जिन्यावरून पडली. पाय मुरगळला एवढंच, पण शेजारणीने तिला डोळ्यांच्या दवाखान्यातही नेलं. मला तिथूनच फोन आला. डॉक्टर म्हणाले, एक डोळा गेला, तो आता परत येणार नाही. दुसऱ्यात थोडं उरलंय, तेवढं वाचवायला लगेच ऑपरेशन लागेल. मग मला म्हणाले, तुम्ही भाऊ ना? सात महिने कुठे होतात?

काचबिंदू चोरासारखा येतो, त्यात कोणाचा दोष नसतो, असं मी म्हणणार होतो. ते तोवर पुढच्या पेशंटकडे गेले.

२४ जुलै
ताईचे कागद आणायला तिच्या खोलीवर गेलो. तीस गेले तरी पन्नास हजार घरात असणार, असा हिशेब मनात होता. खाटेखाली खोकी होती. चोवीस. सीलही तोडलेलं नाही. महिन्याला सहा, मार्च ते जून. एक तिच्या नावाचं आणि पाच त्या बायकांच्या नावांची.

तसाच कारखान्यात गेलो. त्या पाचांतली एक, काजं-बटणं करणारी, दारात भेटली. म्हणाली, आम्ही पहिल्या आठवड्यातच नको म्हटलं होतं, एवढे पैसे आणायचे कुठून? तुमच्या ताई म्हणाल्या, बाई, नाव तेवढं राहू दे, पैसे मी भरते. मध्येच कोणी सुटलं तर माझा भाऊ पडेल.

म्हणजे माझ्याखाली कोणीच नव्हतं. एकटी ताई होती, सहा वेळा.

रस्त्याच्या कडेला बसून रडलो. माझ्या हातून काय झालंय ते मला आज कळलं, आणि ते मी इथे लिहितोय, पुढे विसरायला नको म्हणून.

२५ जुलै
टायवाल्याला फोन केला. अकरा हजार तरी द्या म्हटलं. तो म्हणाला, दहा-दहा कर, लगेच मिळतील. शिवाय तो आता दुसऱ्या कंपनीत गेलाय, ती याच्यापेक्षा चांगली आहे, येतोस का म्हणाला. मी फोन ठेवला. लगेच नाही, पण ठेवला.

ऑपरेशनचे पैसे माझ्या डॉक्टरांनी दिले. पगारातून कापतील. काहीही विचारलं नाही. त्यांनी काही विचारलं असतं तर बरं झालं असतं.

बायकोला सगळं सांगितलं. तिने माझ्या ताटात वाढलं आणि स्वतः न जेवता दवाखान्यात ताईजवळ जाऊन बसली.

१ ऑगस्ट
ऑपरेशन झालं. सावल्या दिसतील, माणसं ओळखू येतील, शिवण विसरा, असं डॉक्टर म्हणाले. ठरवलं: खातं बंद करायचं, बिल्ला फेकायचा, आणि ताईपुढे बसून सगळं कबूल करायचं. या क्रमाने. बिल्ला शेवटी फेकला तरी चालेल.

६ ऑगस्ट, दुपार
ताईला घरी आणलं. तिने माझा हात चाचपडत धरला. म्हणाली, अरे, आजारपणात जुलैचं माझं भरायचं राहून गेलं. मशीनच्या खणात दोन हजार आहेत, तेवढे भरून टाक. बाकीच्यांचं आता जमायचं नाही, पण मी तरी चालू राहते. नाहीतर तू पडशील.

कबुली द्यायला तोंड उघडलं. म्हटलं, भरले ताई, कालच भरले. ती म्हणाली, बरं झालं. तिच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की पुढे बोलवेना. उद्या खरं सांगायचं. अगदी नक्की.

७ ऑगस्ट
सांगितलं नाही. तिने आयुष्यात माझ्यावर कधी अविश्वास दाखवला नाही, आणि तिच्याशी खोटं बोललो हे मनातून जाईना. रात्रभर तळमळलो. सकाळी मशीनच्या खणातले दोन हजार काढले आणि भरून आलो. आता मी ताईशी खोटं बोललो असं कोणी म्हणू शकणार नाही.